धक्का कुठे जिरतो? रस्ता, शेत आणि अनुकूली धक्काशोषक

काही वर्षांपूर्वी, डिसेंबरातील एका थंड रात्री, हरियाणातून राजस्थानातील भरतपूर परिसराकडे मधमाश्यांच्या पेट्या निघाल्या होत्या. मोहरी फुलोऱ्यात आली की उत्तर भारतातील मधपाळ अशा प्रकारे आपल्या वसाहती हलवितात. मोठा ट्रक पेट्यांनी पूर्ण भरलेला होता. आमच्या प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवलेल्या बारा पेट्या मात्र एका लहान पिकअपमधून चालल्या होत्या. दोन्ही वाहने एकाच रस्त्याने, एकामागोमाग गेली. पहाटे पेट्या उघडल्या, तेव्हा ट्रकमधील वसाहती सुस्थितीत आढळल्या. पिकअपमधील बारापैकी चार पेट्यांत मधाने जड झालेली पोळी चौकटींतून निखळून तळाशी पडली होती आणि त्यांपैकी दोन पेट्यांतील राणीमाशी पोळ्याखाली चिरडली गेली होती.

प्रथमदर्शनी हे उलटेच वाटले. अवजड ट्रकमधील माल शाबूत राहावा आणि हलक्या वाहनातील मोडावा, असे का व्हावे? उत्तर वाहनाखाली वाकून पाहिल्यावर मिळाले. पिकअपचे मागील पाटे पूर्ण भाराच्या हिशेबाने बसविलेले होते आणि त्यावर भार जेमतेम तीनशे किलोंचा होता. शिवाय मागील दोन्ही शॉक ॲब्झॉर्बर तेलाने ओलेचिंब झालेले होते, म्हणजेच आतून रिकामे झालेले होते. कीटकांच्या अभ्यासात आयुष्य घालविणाऱ्या प्रस्तुत लेखकाला यंत्रशास्त्राच्या या प्रकरणाकडे वळविले ते त्या पहाटेने. पीक संरक्षण, मधमाशीपालन, भाजीपाल्याची वाहतूक आणि ट्रॅक्टरचालकाचा कणा या सर्वांशी धक्काशोषकाचा संबंध किती निकटचा आहे, हे तेव्हापासून वारंवार प्रत्ययास आले.

स्प्रिंग साठविते, धक्काशोषक जिरवितो

सर्वसामान्य समज असा की, धक्का शोषण्याचे काम धक्काशोषक करतो. वस्तुतः धक्का प्रथम झेलते ती स्प्रिंग अथवा पाटा. चाक खड्ड्यात गेले किंवा उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते आणि धक्क्याची ऊर्जा स्वतःत साठविते. परंतु साठविलेली ऊर्जा ती परत करते. केवळ स्प्रिंगवर उभे असलेले वाहन एका धक्क्यानंतर कितीतरी वेळ वर-खाली डोलत राहील. हे डोलणे थांबविणे, म्हणजे साठलेल्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करून ती बाहेर टाकणे, हे धक्काशोषकाचे खरे काम होय. शास्त्रीय परिभाषेत यास ‘अवमंदन’ म्हणतात.

नेहमीच्या धक्काशोषकात तेलाने भरलेली नळी असते आणि तीत एक दट्ट्या वर-खाली सरकतो. दट्ट्यात बारीक छिद्रे व झडपा असतात. त्यांतून तेल जबरीने पार होताना विरोध निर्माण होतो आणि तेल तापते. खडबडीत वाटेवर बराच काळ चाललेल्या वाहनाचा धक्काशोषक हाताला चटका देतो, तो यामुळेच. तेल फार तापले आणि त्यात हवेचे बुडबुडे मिसळले की विरोध क्षीण होतो. हे टाळण्यासाठी अनेक धक्काशोषकांत दाबाखालील नायट्रोजन वायू भरलेला असतो.

आता पिकअपचे कोडे सुटते. स्प्रिंग तीच ठेवून तिच्यावरील वस्तुमान चौपट केले की डोलण्याची वारंवारिता निम्मी होते. उलट, भरलेल्या स्थितीत सेकंदाला दीड वेळा डोलणारा मागील भाग, त्यावरील वस्तुमान एक-चतुर्थांश झाल्यास सेकंदाला तीन वेळा डोलू लागतो. पाटा दबतच नाही. रस्त्याचा धक्का जवळजवळ जसाच्या तसा पेटीपर्यंत पोहोचतो. त्यात धक्काशोषक निकामी असल्यास एका धक्क्याचे पाच-सहा धक्के होतात.

एकच उत्तर सर्व रस्त्यांना पुरत नाही

धक्काशोषकाच्या अभिकल्पात एक जुना पेच आहे. तो मऊ ठेवला तर खडीच्या बारीक कंपनांपासून प्रवासी व माल सुरक्षित राहतात. मात्र वळणावर वाहन कलते, जोराने ब्रेक दाबल्यास पुढे झुकते आणि मोठ्या खड्ड्यात तळाला आदळते. तो कडक ठेवला तर वाहन रस्त्याला धरून चालते. मात्र प्रत्येक खडा आसनापर्यंत जाणवतो. प्रवासी मोटारीचा वरचा भाग साधारणतः सेकंदाला एक ते दीड वेळा डोलतो, तर चाक स्वतः सेकंदाला दहा-बारा वेळा उसळते. म्हणजे एकाच साधनाने दोन अगदी भिन्न गतींना आवर घालावयाचा असतो.

शेतीच्या वाहनांत हा पेच अधिक तीव्र होतो. एकच वाहन सकाळी डांबरी रस्त्यावरून बाजारात जाते, दुपारी पाणंदीने शेतात उतरते आणि सरी-वरंब्यांवरून आडवे चालते. डांबरी रस्त्यावरील कंपने लहान व जलद असतात, तर शेतातील हेलकावे मोठे व संथ असतात. जाताना वाहन रिकामे असते आणि येताना ओसंडून भरलेले असते. कारखान्यात एकदाच ठरविलेले अवमंदन या सर्व स्थितींना योग्य ठरणे अशक्य असते. ‘अनुकूली’ धक्काशोषकाचा, म्हणजे परिस्थितीनुरूप आपला कडकपणा बदलणाऱ्या धक्काशोषकाचा, जन्म या गरजेतून झाला.

अनुकूली धक्काशोषकांचे प्रकार

सर्वांत साधा प्रकार पूर्णतः यांत्रिक आहे. यात कोणताही विद्युत संवेदक नसतो. दट्ट्यात तेलासाठी एक जादा वाट ठेवलेली असते. कंपन जलद असेल तर ती खुली राहते आणि धक्काशोषक मऊ वागतो. हालचाल संथ व दीर्घ असेल, जसे वळणावर कलताना, तर ती वाट मिटते आणि धक्काशोषक कडक होतो. भारतात विकल्या गेलेल्या जीप कंपास व महिंद्रा एक्सयूव्ही ७०० यांसारख्या वाहनांत हे तत्त्व वापरलेले आहे.

दुसरा प्रकार विद्युत झडपांचा. चाकाची व चेसिसची हालचाल टिपणारे संवेदक संगणकीय नियंत्रकाला माहिती पुरवितात आणि नियंत्रक काही मिलिसेकंदांत झडप कमी-अधिक उघडतो. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्राच्या काही विद्युत मोटारींत अलीकडे अशा जातीचे धक्काशोषक आले आहेत.

तिसरा प्रकार सर्वांत कुतूहलजनक आहे. त्यात झडपेऐवजी तेलच बदलते. तेलात काही मायक्रॉन आकाराचे लोहकण मिसळलेले असतात. दट्ट्यातील वेटोळ्यातून विद्युतप्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, लोहकण साखळ्यांप्रमाणे रांगेत उभे राहतात आणि पातळ तेल क्षणार्धात घट्ट होते. प्रवाह बंद केला की ते पुन्हा पातळ होते. अशा चुंबकप्रतिसादी द्रवाचा शोध १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत जेकब रॅबिनोव्ह यांनी लावला. मोटारीत तो अवतरण्यास मात्र २००२ साल उजाडले. त्या वर्षी कॅडिलॅक सेव्हिल या मोटारीत तो प्रथम बसविला गेला. त्याआधीच, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, तो अवजड ट्रकच्या चालक-आसनाखाली वापरात आला होता. शेतीच्या दृष्टीने ही बाब विशेष लक्षणीय आहे. तिच्याकडे पुढे वळू.

चौथा प्रकार पूर्णतः सक्रिय निलंबनाचा. यात पंप अथवा मोटर चाकाला प्रत्यक्ष ढकलते वा ओढते. परिणाम उत्तम मिळतो. पण ऊर्जा, वजन आणि किंमत तिन्ही वाढतात. वरील दुसरा व तिसरा प्रकार ऊर्जा पुरवीत नाहीत, ते केवळ ती किती जिरवावयाची हे ठरवितात. म्हणून त्यांना ‘अर्धसक्रिय’ म्हणतात आणि त्यांना लागणारी वीज अत्यल्प असते.

आकाशाला टांगलेला धक्काशोषक

झडप केव्हा आवळावी आणि केव्हा सैल सोडावी, हे नियंत्रकाने कशावरून ठरवावे? या प्रश्नाचे सुबक उत्तर डीन कार्नोप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले. त्यांनी अशी कल्पना केली की, धक्काशोषकाचे एक टोक वाहनाला आणि दुसरे टोक आकाशात एका स्थिर आकड्याला बांधलेले आहे. असे झाले तर रस्ता कसाही असो, वाहन डोलणारच नाही. आकाशात आकडा नसतो, हे उघड आहे. पण नियंत्रक त्याची नक्कल करू शकतो.

समजा, वाहनाचा वरचा भाग वर चढत आहे आणि धक्काशोषक ताणला जात आहे. अशा वेळी त्याचा विरोध वाहनाला खाली ओढतो, म्हणजे तो उपयोगाचा आहे. म्हणून झडप आवळावी. याउलट, वरचा भाग वर चढत असतानाच खालून चाक अधिक वेगाने वर आल्यामुळे धक्काशोषक दाबला जात असेल, तर त्याचा विरोध वाहनाला आणखी वर ढकलील. म्हणून झडप सैल सोडावी. वाहन खाली येत असताना हाच न्याय उलट दिशेने लागू होतो. सेकंदात शेकडो वेळा हा निर्णय घेतला जातो. तत्त्व मात्र बैलगाडीत उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्यांइतकेच साधे आहे. खालून धक्का येताना तो गुडघे सैल सोडतो आणि तोल जाऊ लागताच ते ताठ करतो.

झुरळाचा पाय

कीटकशास्त्रज्ञाला येथे आपला विषय आठवल्यावाचून राहत नाही. कीटकांच्या शरीरात स्प्रिंग व धक्काशोषक दोन्ही असतात आणि ते वेगवेगळे असतात. टोळाच्या पंखांच्या सांध्यांत ‘रेझिलिन’ नावाचे रबरासारखे प्रथिन असते. १९६० मध्ये टॉर्केल वाइस-फॉग यांनी त्याचे वर्णन केले. ताणले असता ते जवळजवळ सर्व ऊर्जा परत देते, म्हणजे ती जवळजवळ निर्दोष स्प्रिंग होय. पंख सेकंदाला अनेकदा हलवावयाचा असेल तर ऊर्जा वाया जाऊन चालत नाही.

झुरळाचा पाय मात्र वेगळ्या कामासाठी घडलेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट फुल व सहकाऱ्यांनी धावत्या झुरळाला बाजूने अचानक धक्का देऊन पाहिले. मज्जासंस्थेची प्रतिक्षिप्त क्रिया परिणामकारक होण्याइतका अवधी मिळण्यापूर्वीच, काही मिलिसेकंदांत, ते सावरू लागते असे दिसून आले. सावरण्याचे श्रेय प्रामुख्याने पायांच्या बांधणीला जाते. त्या स्प्रिंगप्रमाणे वाकतात आणि धक्क्याची बरीचशी ऊर्जा आतल्या आत जिरवितात. यांत्रिक अनुकूली धक्काशोषकाचे तत्त्व याहून फार निराळे नाही. संवेदक व संगणक दोन्ही नसताना केवळ रचनेच्या बळावर योग्य प्रतिसाद देणे, हे त्याचे मर्म होय. धूळ, चिखल आणि दुर्लक्ष या तिन्हींना तोंड द्यावयाच्या शेती-वाहनांसाठी हा मार्ग अधिक भरवशाचा ठरण्याचा संभव आहे.

ट्रॅक्टर : जेथे टायर हीच स्प्रिंग

आपल्याकडील बहुतांश ट्रॅक्टरांच्या मागील धुरेस कोणतेही निलंबन नसते. धक्का झेलण्याचे काम टायर करतात. परंतु टायर ही स्प्रिंग आहे. तिच्यात ऊर्जा जिरविण्याची शक्ती थोडी असते. परिणामी ट्रॅक्टर सेकंदाला सुमारे दोन ते चार वेळा उसळत राहतो. मानवी शरीर उभ्या कंपनांना ४ ते ८ हर्ट्झ या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असते. ट्रॅक्टरची उसळी आणि शरीराची ही दुर्बलता यांत फारसे अंतर नाही. दीर्घकाळ ट्रॅक्टर चालविणाऱ्यांत कंबरदुखी का आढळते, याचा मोठा उलगडा येथे होतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार, आठ तासांच्या कामासाठी संपूर्ण शरीरावरील कंपनाची सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीवर पोहोचली की उपाययोजना बंधनकारक होते आणि १.१५ ही कमाल मर्यादा मानली जाते.

परदेशात यावर पुढच्या धुरेचे, केबिनचे आणि क्वचित दोन्ही धुरांचे निलंबन असे उपाय झाले. तेल व नायट्रोजन वायू यांच्या साहाय्याने चालणारे निलंबन, जे १९५५ मध्ये सित्रोएन डीएस मोटारीत गाजले, त्याचीच पुढची रूपे आज मोठ्या ट्रॅक्टरांत दिसतात. भार वाढला की तेल भरून उंची पूर्ववत केली जाते आणि अवमंदनही बदलता येते. आपल्या लहान ट्रॅक्टरांना हा खर्च सहज परवडणारा नाही. म्हणून चालक-आसन हा सर्वांत व्यवहार्य थांबा ठरतो. संपूर्ण यंत्राऐवजी केवळ माणसाला कंपनापासून वेगळे करावयाचे असल्याने लहान धक्काशोषक पुरतो.

येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. कोणतेही निलंबन आपल्या स्वाभाविक वारंवारितेच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असलेलीच कंपने कमी करते. त्याखालील कंपने ते वाढविते. आसनाची स्वाभाविक वारंवारिता १.५ हर्ट्झ असेल, तर सुमारे २.१ हर्ट्झच्या पुढेच लाभ मिळतो. आसनाखालील वजनाची चकती चालकाच्या वजनानुसार न फिरविल्यास ही मर्यादा वर सरकते आणि आसन धक्का कमी करण्याऐवजी वाढवू लागते. ती चकती अनेक ट्रॅक्टरांवर खरेदीच्या दिवशी होती तेथेच गंजलेली आढळते.

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या ट्रॅक्टर चाचणी अहवालांत यांत्रिक कंपनांची मोजणी दिलेली असते. खरेदीपूर्वी ते पान अवश्य पाहावे. मात्र ती मुख्यत्वे इंजिनामुळे उद्भवणारी कंपने होत. नांगरटीच्या ढेकळांवरून जाताना बसणाऱ्या धक्क्यांचा अंदाज त्यावरून येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

फवारणीचा दांडा आणि कीडीची प्रतिकारक्षमता

पीक संरक्षणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बूम फवारणी यंत्राचा आहे. ट्रॅक्टरची लहानशी उसळी दांड्याच्या टोकापर्यंत जाताना कितीतरी पटींनी वाढते. ११० अंशांचे नोझल ५० सेंटिमीटर अंतरावर बसविलेले आणि दांडा पिकावर ५० सेंटिमीटर उंच असल्यास प्रत्येक फवाऱ्याची रुंदी भूमितीनुसार सुमारे १४३ सेंटिमीटर होते आणि फवारे एकमेकांवर व्यवस्थित चढतात. टोक १५ सेंटिमीटरपर्यंत खाली आले तर ही रुंदी अवघी ४३ सेंटिमीटर उरते आणि दोन फवाऱ्यांमध्ये कोरडा पट्टा राहतो. टोक वर गेले तर थेंब वाऱ्याने उडून शेजारच्या शेतात, विहिरीत अथवा मधमाश्यांच्या पेट्यांवर जातात.

पुढे-मागे होणारी हालचाल तर डोळ्यांना सहसा जाणवतही नाही. समजा, यंत्र ताशी ८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २.२२ मीटर वेगाने जात आहे. दांड्याचे टोक दर दोन सेकंदांना एक हेलकावा घेत २० सेंटिमीटर पुढे व तितकेच मागे जात असेल, तर त्याचा स्वतःचा वेग कमाल ०.६३ मीटर प्रति सेकंद भरतो. म्हणजे टोक जमिनीवरून कधी १.५९, तर कधी २.८५ मीटर वेगाने सरकते. परिणामी एका ठिकाणी मात्रा शिफारशीच्या १४० टक्के पडते आणि थोड्याच अंतरावर ती ७८ टक्क्यांवर येते.

जेथे जास्त पडते तेथे पीक व मित्रकीटक होरपळतात. जेथे कमी पडते तेथे किडीच्या समूहातील थोडीबहुत सहनशील पिले तगतात आणि पुढची पिढी त्यांची होते. पुढील हंगामात ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार येते. दोष दरवेळी औषधाचा किंवा विक्रेत्याचा नसतो. तो पुष्कळदा दांड्याच्या झिजलेल्या खिळीत आणि रिकाम्या धक्काशोषकात दडलेला असतो. दांडा चेसिसला ताठ न बांधता लोलकाप्रमाणे टांगणे आणि त्याच्या दोन्ही दिशांच्या हालचालींना धक्काशोषकांनी आवर घालणे, हा यावरील सिद्ध उपाय आहे. मोठ्या यंत्रांवर ध्वनिलहरींनी उंची मोजून दांडा आपोआप सावरणारी यंत्रणाही असते.

मालाचे नुकसान

लुधियाना येथील केंद्रीय कापणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत टोमॅटोचे कापणीपश्चात नुकसान सुमारे १२ टक्के आणि पेरूचे सुमारे १६ टक्के आढळले. त्यातील वाहतुकीचा वाटा हा एक भागच आहे. पण तो टाळता येण्याजोगा आहे. वाहनाच्या मागील टोकाकडील व सर्वांत वरच्या थरातील माल अधिक उसळतो. म्हणून नाजूक माल धुरांच्या मध्ये ठेवावा आणि वरचा थर घट्ट बसवावा. मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमध्ये रचताना चौकटी वाहनाच्या लांबीला समांतर ठेवाव्यात, म्हणजे ब्रेकच्या वेळी पोळी एकमेकांवर आपटत नाहीत.

आज काय करता येईल?

चुंबकप्रतिसादी द्रवाचे धक्काशोषक गावोगावी पोहोचण्यास अवकाश आहे. लोहकण कालांतराने तळाशी बसणे, दट्ट्याची पॅकिंगे झिजणे आणि किंमत या अडचणी अद्याप आहेत. परंतु अनुकूलनाचे काही काम यंत्राऐवजी मनुष्यानेही करता येते. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकांत पुढील बाबी दाखवाव्यात, ही विनंती.

१. वाहनाचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. एकदा वर येऊन तो स्थिरावला तर धक्काशोषक ठीक आहे. दोन-तीनदा डोलला तर बदलावा. बदलताना एका धुरेवरील दोन्ही बदलावेत.

२. धक्काशोषकावर तेलाचा पुसट थर चालतो. तेल ओघळत असेल तर तो निकामी समजावा. टायर जागोजागी खोलगट झिजणे हीही त्याचीच खूण आहे.

३. जादा भार नेण्यासाठी पाट्यांची संख्या वाढवू नये. रिकाम्या वा अर्ध्या भाराच्या फेरीत त्याची किंमत माल मोजतो.

४. टायरमधील हवा शेतातील काम व रस्त्यावरील वाहतूक यांसाठी निर्मात्याच्या तक्त्यानुसार वेगवेगळी ठेवावी. ट्रॅक्टरवर सहज बदलता येणारी हीच एक स्प्रिंग आहे.

५. चालक बदलला की आसनाची वजन-चकती फिरवावी.

६. फवारणीपूर्वी दांड्याच्या खिळी, स्प्रिंगा व धक्काशोषक हलवून पाहावेत. शेत खडबडीत असेल तर वेग कमी करावा आणि नव्या वेगानुसार यंत्राचे प्रमाणीकरण पुन्हा करावे.

भरतपूरच्या त्या फेरीनंतर आम्ही लहान वाहनातून पेट्या नेणे बंद केले नाही. मागील धक्काशोषक बदलले, पेट्यांखाली भाताच्या पेंढ्याचा जाड थर घातला, त्या मागच्या टोकाऐवजी केबिनला लागून रचल्या आणि वेग आवरला. पुढील हिवाळ्यात त्याच रस्त्याने गेलेल्या पेट्यांपैकी एकाही पेटीतील पोळे तुटले नाही. धक्का नाहीसा होत नसतो. तो कोठे जिरावा, एवढेच आपल्या हाती असते. तो तेलात जिरला नाही, तर पोळ्यात, टोमॅटोत किंवा चालकाच्या मणक्यांत जिरतो.